चार पिस्टन आणि तीन व्हील कप

माशेलला माझ्या सासरी घरामागे मांगर आहे. त्यात जळण, सुपारीची रिकामी पोती, एक मोडकी शिडी आणि १९६८ ची फियाट. नारळ गाडीच्या टपावर रचलेले असत. त्यामुळे मांगरात डोकावणाऱ्याला गाडी दिसायचीच नाही. दिसायचा नारळांचा ढीग आणि त्याखालून बाहेर बघणारा एक गोल दिवा.

सासऱ्यांना आम्ही सगळेच भाऊ म्हणतो. सुपारीचा धंदा करायचे. १९७९ मध्ये त्यांनी ही गाडी म्हापशाच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. नंबर अजून तोच, जीडीने सुरू होणारा, गोवा, दमण आणि दीव एकत्र होतं त्या काळातला. २०१९ पर्यंत भाऊ ती स्वतः चालवत. त्या वर्षी ऑक्टोबरात पाच वर्षांसाठी नोंदणी पुढे वाढवून आणली आणि पुढच्याच महिन्यात पडून खुब्याचं हाड मोडलं. मग कोविड. गाडी मांगरात गेली ती गेलीच.

२०२२ च्या जानेवारीत मी म्हटलं, मी करून घेतो. भाऊंनी किल्ली दिली आणि म्हणाले, "चालू करून आणा. म्हार्दोळला जायला बरी." रिस्टोरेशन हा शब्द माझा. त्यांच्या लेखी ती क्लासिक वगैरे काही नव्हती, नादुरुस्त गाडी होती.

गाडी कुठली ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फियाट ११०० डी, लोक डिलाइट म्हणायचे ती. प्रीमियर कंपनीने १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात काढली. हीच पुढे थोड्याफार फरकाने १९७४ पासून पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तेव्हा ठाऊक नव्हतं: या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या (गॅरेजात त्यांना सिल म्हणतात) आणि टप मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तळ गंजला म्हणजे सतरंजी फाटली असं नव्हे, पाठीचा कणा कुजला असं समजायचं.

पहिल्या गॅरेजचं नाव घेत नाही. औद्योगिक वसाहतीतली मोठी शेड, काचेचं ऑफिस, एसी, भिंतीवर चकचकीत जुन्या गाड्यांचे फोटो. मालक तरुण, बोलायला गोड. त्याने बॉनेट उघडलं, डिकी उघडली, चार फोटो काढले आणि साडेतीन लाख सांगितले. पाच महिने. निम्मे आगाऊ. कागदावर एकच ओळ: 'कम्प्लीट रिस्टोरेशन'. त्या एका ओळीत काय काय येतं ते मी विचारलं नाही. बँकेत माझी सगळी नोकरी लोकांना 'सही करण्याआधी वाचा' हे सांगण्यात गेली आहे. पण भिंतीवरच्या त्या फोटोंनी मला भुरळ घातली हे खरं. लाल आणि क्रीम असा दुरंगी रंग देऊ, व्हिंटेज लूक येईल, असं तो म्हणाला तेव्हा मी मान डोलावली, हेही खरं.

गाडी खोलली तेव्हा मी नव्हतो. दोन पोरांनी दोन दिवसांत ती सुटी केली. काच, रबर, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्ड, वायरिंग, सीट, सगळं. नटबोल्ट रंगाच्या तीन रिकाम्या डब्यांत. कुठला बोल्ट कुठला, हे त्या पोरांच्या डोक्यात. त्यातला जो खरा हुशार होता तो एप्रिलमध्ये तारवार गेला. आमच्याकडे अर्ध्या गावाचं कोणी ना कोणी बोटीवर असतंच, त्याला कोण काय बोलणार? पण त्याच्याबरोबर आमची गाडीही बोटीवर चढली. सुटी केलेली गाडी ही लोखंडात कमी आणि खोलणाऱ्याच्या आठवणीत जास्त असते. दाराच्या कडीखाली दोन वायसर होते की तीन, हे जगात फक्त त्याला माहीत होतं, आणि तो कुठल्यातरी क्रूझवर जेवणाच्या टेबलांवर चादरी अंथरत होता.

मग कारणं सुरू झाली. जूनमध्ये पाऊस. हे कारण खोटं नव्हतं. हवेत एवढा दमटपणा असताना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला की तो वाळताना पांढुरका होतो, चांगला रंगारी आमच्या पावसात एनसीला हातच लावत नाही. ऑगस्टअखेर चवथ, पोरं गावी. ऑक्टोबरात पर्यटकांचा हंगाम, म्हणजे रेंटच्या गाड्या ठोकून येणार, आणि त्यांचे विम्याचे पैसे रोख. हळूहळू मला या धंद्याचं गणित समजलं. गॅरेजची रोजची भाकरी अपघाताच्या गाड्यांवर. तुमची जुनी गाडी म्हणजे हाताला दुसरं काम नसेल तेव्हा करायची गोष्ट. ती कोपऱ्यात ढकलली जाते, मग जागा लागली की बाहेर, पाऊस आला की आत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की हे पहिल्या दिवशी सांगावं.

नोव्हेंबरात मोबाइलवर फोटो आला. राखाडी प्रायमर मारलेली बॉडी, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. सोबत नवा आकडा: पावणेसहा लाख. मी भाऊंना घेऊन गेलो. काठी टेकत ते गाडीभोवती एक फेरी फिरले आणि नारळ वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने मडगार्डवर वाजवलं. टण्. मग दारावर. टण्. मग दाराखाली. थप्. मागच्या चाकाच्या कमानीवर. थप्. पन्नास वर्षं नारळ-सुपारीत घालवलेल्या माणसाने आणखी काही बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून नेलं. दारावर घट्ट बसलं. सिलवर धरलं आणि सोडलं, तर खाली पडलं. मागच्या कमानीवरही पडलं. तिथे पत्रा नव्हताच, लांबी, म्हणजे पुट्टी होती, काही ठिकाणी बोटभर जाड. मग मी गाडीखाली आडवा झालो. तळाची भोकं झाकायला छपराचा गॅल्वनाइज्ड पत्रा रिव्हेट मारून चिकटवलेला आणि वर काळं डांबर. मालकाला विचारलं तर म्हणाला, सगळे असंच करतात. कदाचित करत असतीलही. पण बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर बघायला गेलो, तर तोही लांबीखाली बुजलेला. मग मात्र माझ्या पोटात गोळा आला. नोंदणी २०२४ च्या ऑक्टोबरात संपत होती. आरटीओत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. छाप उठली नाही तर गाडी कितीही सुंदर असली तरी ती कोणाची हेच सिद्ध होत नाही.

भांडण झालं. तपशील सांगत नाही, कारण मी त्यात फार शोभलो नाही. एका वकील मित्राने सांगितलं की ग्राहक आयोगाकडे जाता येईल, पण काय ठरलं होतं त्याचा कागद दाखव. माझ्याकडे एका ओळीचा कागद. आगाऊ दिलेले पावणेदोन लाख मी सोडले आणि डिसेंबरात ट्रक बोलावून गाडी उचलली. अकरा पोती, सहा खोकी. सामान मोजताना व्हील कप, म्हणजे चाकांवरच्या गोल टोप्या, तीनच भरल्या.

"तीनच होते," मालक म्हणाला.

"चार होते," भाऊ म्हणाले. "एकाला पोचा होता. मीच घातलेला, बाणस्तारीच्या पुलापाशी, दगडावर."

मालकाने खांदे उडवले. आम्ही ट्रकात बसलो.

दुसरा माणूस भाऊंनी शोधला. खांडोळ्याच्या बाजूला रस्त्याला लागून एक सिमेंटच्या पत्र्यांची शेड, पाटी नाही. साठीचे मेस्त (आमच्याकडे मिस्त्रीला मेस्त म्हणतात), हातात एक मदतनीस भाचा. जुन्या काळी सुपारीच्या टेम्पोचे पाटे (स्प्रिंगा) बदलायला भाऊ या मेस्तांच्या वडलांकडे जात. मेस्तांनी ट्रकातून उतरवलेला सांगाडा बघितला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सिलमध्ये खुपसला. मुठीपर्यंत आत गेला.

"हांगा पत्रो ना," ते म्हणाले. "पुट्टीच आसा."

किती खर्च येईल विचारलं तर म्हणाले, सगळी लांबी काढल्याशिवाय कोण सांगेल? ती काढायचे आठ दिवस, दिवसाचे एवढे. मग बघू. हे उत्तर मला त्या क्षणी टोलवाटोलवी वाटलं. आज वाटतं, एवढं प्रामाणिक उत्तर त्या सबंध प्रकरणात दुसऱ्या कोणी दिलं नाही. भाऊ म्हणाले, एक शंभर पानी वही आणा. त्यात डाव्या पानावर काम, उजव्या पानावर पैसे, आणि दर शनिवारी दोघांची सही. सुपारीच्या व्यवहारात ते असंच करत. मेस्तांना ती वही सुरुवातीला आवडली नाही. त्यांना वाटलं, विश्वास नाही. तिसऱ्या महिन्यात मीच एकदा दिलेले पैसे विसरलो आणि वहीने मेस्तांची बाजू घेतली. त्यानंतर ते ती वही पेट्रोलच्या डब्यांपासून लांब, सांताक्रूसच्या, म्हणजे पवित्र क्रुसाच्या, तसबिरीखाली ठेवू लागले.

लांबी उतरली तेव्हा खाली उरलेला पत्रा चाळणीसारखा होता. इथून पुढचे तीन-चार महिने माझ्यासाठी शाळाच होती. मी दर शनिवारी आणि जमेल त्या संध्याकाळी जाऊन बाकड्यावर बसायचो. "पात्रांव, बसात," (मालक, बसा) एवढं म्हणून मेस्त कामाला लागायचे. मी काहीच करत नसे, पण मी बसलेला असलो की काम व्हायचं. नसलो की कोणाची तरी स्कूटर आधी व्हायची. हे त्यांनीही कधी नाकारलं नाही.

सिल कापण्याआधी मेस्तांनी चारही दारं परत लावली. मला कळेना, उलटं कशाला? तर दारं जागेवर असताना फटी सगळीकडे सारख्या आहेत ना हे बघायचं, मग आतून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लोखंडी अँगल आडवे-तिरपे टाके मारून बसवायचे, आणि मगच सिल कापायचा. तेही एका वेळी एकच बाजू. नाहीतर चेसिस नसलेली गाडी मधून झोळीसारखी वाकते आणि नवा सिल जोडल्यावर दार जन्मात बसत नाही. तळाला अठरा गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, बॉडीला वीस गेजचा. छपराचा गॅल्वनाइज्ड पत्रा का नको, हे त्यांनी भाच्याला माझ्यासमोर रागावून सांगितलं: वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री ताप येतो, आणि टाकाही धड धरत नाही. वेल्डिंग सीओटू गॅसचं, तेही एक टाका इकडे, एक वीतभर लांब तिकडे, हात लावून थंड होईपर्यंत थांबून. एकसलग मारत गेलं की पातळ पत्रा तापून पळतो, लाटा येतात. पहिल्या गॅरेजात मी असा थांबलेला माणूस बघितला नव्हता.

चेसिस नंबरावरची लांबी त्यांनी पत्र्याला हत्यार न लावता काढली. रंग उतरवायचं रसायन, जुना टूथब्रश आणि अर्धा दिवस. आकडे एकेक करून वर येत होते आणि भाऊ आरसी बुक डोळ्याजवळ धरून ते ताडून बघत होते. शेवटचा आकडा जुळला तेव्हा त्यांनी भाच्याला शंभर रुपये दिले. माझ्या लग्नात मला त्यांनी एकशे एक दिले होते, ही नोंद बायकोने केली.

आता इंजिन. इथे मेस्त चुकले, आणि हे मी मुद्दाम लांबण लावून सांगणार आहे, कारण तोवर मी त्यांना देवाच्या जागी बसवायला निघालो होतो.

ब्लॉक झिजला होता. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८ मिलिमीटरचा. तो आधीच एकदा वाढवून वीस साइजचा केलेला. म्हणजे आता त्यापुढची चाळीस साइज करायची. ब्लॉक बदलायचा नव्हता, कारण इंजिन नंबर त्यावर. मुंबईच्या एका दुकानातून जुन्या साठ्यातले चार पिस्टन मागवले, डब्यावर चाळीस लिहिलेलं. बोरिंगचं काम मेस्त कधीपासून बेळगावला उद्यमबागेत करून घेतात, तिथले लेथवाले हातचे. नियम असा की पिस्टन समोर असल्याशिवाय बोअर करायचा नाही. मेस्तांनी नियम पाळला, पण अर्धा. डब्यातला वरचा एक पिस्टन नमुना म्हणून घेतला, बाकीचे तीन तेलकट कागदात तसेच ठेवले, आणि भाचा ब्लॉक घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला गेला. चारही सिलिंडर त्या एका पिस्टनच्या मापाने उत्तम बोअर होऊन आले. मग उरलेले तीन उघडले. दोन चाळीसचे. एक साठचा.

साठचा पिस्टन चाळीसच्या सिलिंडरात जाणार नाही. चारही साठचे करावेत तर उरलेले तीन मिळेनात, आणि ब्लॉकमधलं तेवढं आयुष्यही उगाच खर्ची पडतं. मेस्त बराच वेळ त्या पिस्टनकडे बघत बसले. मग म्हणाले, "चूक म्हजी." आणि वही मागवून उजव्या पानावर स्वतः लिहिलं की मुंबईचा प्रवासखर्च मेस्तांकडे. मी तो घेतला नाही. पण त्यांनी लिहिलं याला मोल आहे.

मुंबईला मी गेलो २०२३ च्या नोव्हेंबरात, आणि वेळ याहून वाईट नसती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे नुकताच ऑक्टोबर संपता संपता तिचा परवाना संपला होता. गाड्यांच्या पार्टांचं एक जुनं दुकान सांगितलेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका भंगारवाल्याने सरळ सांगितलं, "काका, काली-पीली थी तब तक ये माल सोना था. अभी किलो के भाव." ज्या गाडीचा जन्म कुर्ल्याचा, तिचा पिस्टन कुर्ल्यात किलोने विकायला निघाला होता! दोन दिवस मी पोती उपसली. तिसऱ्या दिवशी एका पोटमाळ्यावर मेणकागदात एक चाळीसचा सुटा पिस्टन मिळाला. मेस्तांनी फोनवर सांगितलं होतं तसं व्हर्नियरने उंची बघितली, पिनचं भोक बघितलं. दुकानदाराने साडेचारशे मागितले. मी घासाघीस केली नाही. त्याला वाटलं असेल, येडा आहे.

गोष्ट इथे संपत नाही. चार पिस्टन मापाने सारखे असले तरी वजनाने सारखे लागतात, नाहीतर इंजिन थरथरतं. माझा पिस्टन दुसऱ्या साठ्यातला. मेस्त चारही पिस्टन रुमालात बांधून माशेलच्या बाजारात सोनाराकडे घेऊन गेले. सोनाराच्या काट्यावर लोकांच्या पाटल्यांच्या शेजारी आमचे पिस्टन. नवा सहा ग्रॅम जड निघाला. पिनच्या आतल्या बाजूने, जिथे जोर येत नाही, तिथलं ॲल्युमिनियम थोडं थोडं खरवडायचं आणि पुन्हा काट्यावर ठेवायचं. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी सोनार म्हणाला, घडणावळ लावू का?

बाकी कामांबद्दल थोडक्यात. पाटे परत घडवले, शॉकॲब्सॉर्बर बदलले, वायरिंग सगळं नवं, कारण जुनं उंदरांनी खाल्लेलं. ब्रेकच्या चाकांतल्या सिलिंडरांना आतून खड्डे पडले होते. नुसती रबरं बदलून चाललं नसतं, पितळी स्लीव्ह बसवल्या. पेट्रोलच्या टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून ती मी आणि भाच्याने अर्धा दिवस पाळण्यासारखी हलवली. पेट्रोलचा एक मुद्दा मात्र लिहून ठेवतो. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९६८ च्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, पंपातला पडदा मऊ पडतो. आम्ही नळ्या आजच्या पेट्रोलला चालतील अशा घातल्या, पण पंपाचा पडदा जुन्या साठ्यातला होता तो तसाच ठेवला. त्याने पुढे दोनदा रस्त्यात दगा दिला.

रंग. लाल-क्रीम हा विषय मी स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला. आरसीवर रंगाची नोंद 'ग्रे' अशी. रंग बदलला तर तीही नोंद बदलून घ्यावी लागते. पण भाऊ ठामपणे सांगत होते की गाडी करडी कधी नव्हतीच, मोतिया होती. बायकोच्या आठवणीत ती फिक्कट हिरवी. मेस्तांनी डॅशबोर्डच्या मागे, जिथे कोणी कधी ब्रश नेला नसता, तिथे कागदाने हळूहळू घासलं. वर मोतिया, त्याखाली फिक्कट हिरवा, आणि सगळ्यांत खाली, कारखान्यातला, निळसर झाक असलेला करडा. तिघंही बरोबर. मारला तो करडा, उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत.

२०२४ च्या सप्टेंबरात गाडी फोंड्याच्या आरटीओत नेली. कोणीतरी सुचवलं होतं की पन्नास वर्षांवरची गाडी आहे, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवा, 'व्हीए'वाला खास नंबर मिळेल, दहा वर्षं चालेल. वीस हजार फी. मी नियम वाचले. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे म्हार्दोळला जायला रॅली काढायची?" आम्ही साधं पाच वर्षांचं नूतनीकरण घेतलं, पाच हजार रुपये. तपासणी करणाऱ्या साहेबांनी हॉर्न, दिवे, वायपर, ब्रेक बघितले. मग पेन्सिल काढली. कागदावर आकडे एकामागोमाग उमटत गेले, आणि मी मेस्तांच्या भाच्याचा टूथब्रश आठवत उभा होतो.

म्हार्दोळला गेलो तो रविवार होता. भाऊ पुढे बसले, चालवायला मी. सत्तावीस वर्षांत जावई म्हणून मी त्यांच्याकडून कधी बोलणी खाल्ली नव्हती, ती सगळी त्या एका प्रवासात खाल्ली. क्लच उशिरा सोडता. दुसरा गिअर असा ओढायचा नसतो. देवळासमोर उतरून त्यांनी दार लावलं, ते एकदाच लागलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. "पूर्वी दोनदा आपटावं लागायचं," ते म्हणाले. कौतुक की तक्रार ते कळलं नाही.

गाडी परत आणली तेव्हा मेस्तांचा हिशेब वहीच्या एक्क्याण्णवाव्या पानावर संपला. आकडा सांगत नाही, बायको हे वाचते. चौथ्या चाकाला व्हील कप नाही. नवा मिळतो, पण तो इतका चकचकीत असतो की बाकीचे तीन त्याच्याशेजारी म्हातारे दिसतात. म्हणून मागचं डावं चाक आम्ही उघडंच ठेवलं आहे.

या वर्षी जानेवारीत त्याच औद्योगिक वसाहतीत भाऊंच्या ओळखीच्यांकडे बारसं होतं. परतताना पंपाच्या पडद्याने दगा दिला, आणि गाडी थांबली ती नेमकी पहिल्या गॅरेजच्या फाटकासमोर. मालक बाहेर आला. ओळखलं, किंवा गाडी ओळखली. चांगलं वागला, पाणी दिलं, मेस्तांचा भाचा येईपर्यंत आत एसीत बसायला सांगितलं. काचेच्या ऑफिसात आता नवं फर्निचर होतं. भिंतीवर, फोटोंच्या मधोमध, एक घड्याळ. जुन्या फियाटच्या व्हील कपला मधे भोक पाडून काटे बसवलेले, कडेने आकडे चिकटवलेले. छान दिसत होतं.

चारच्या आकड्यापाशी पोचा होता.

मी भाऊंकडे बघितलं. ते खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून घड्याळाकडेच बघत होते. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग बाही सारून स्वतःचं घड्याळ बघितलं, पुन्हा भिंतीवर बघितलं.

"सात मिनिटं मागे आहे," ते मालकाला म्हणाले.